पाळलेलं ग्रहण

हाटकेश, मीरा रोड
२८ ऑगस्ट २०२५

स्वप्नाली,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. नुसत्या नावावर भागव.

काल गणपती बसले आणि दुपारी तुझा मेसेज आला. जवळजवळ सहा वर्षांनी. मला वाटलं, भाईंदरच्या घरच्या मूर्तीचा फोटो सगळ्यांना पाठवताना चुकून मलाही आला असेल. तर तसं नव्हतं. ‘वहिनी, तेव्हा तू नक्की काय कापलं होतंस? सात सप्टेंबरला ग्रहण आहे आणि मला तिसरा महिना चालू आहे. प्लीज सांग, मी तेवढं तरी टाळीन.’ खाली जोडलेले हात. मोदक वळता वळता वाचलं आणि पुढचे सगळे मोदक फुटले.

आज कामावर, गाळ्यात डब्यांना झाकणं लावताना शेजारच्या हंसाबेनने माझा चेहरा बघून विचारलं, “क्या हुआ, कोई गुजर गया क्या?” मी म्हटलं, “नहीं, कोई आनेवाला है.”

अभिनंदन आधी करायला हवं होतं. लग्नानंतर किती वर्षं वाट पाहिलीस, किती इंजेक्शनं घेतलीस, हे मला तुझ्या नीलेशदादाकडून कळत होतं. म्हणून अभिनंदन. मनापासून आहे का, ते विचारू नकोस.

कागदावर लिहितेय, कारण फोनवर लिहिलेलं तुमच्या फॅमिली ग्रुपवर जातं आणि मग आई ते चष्मा लावून सगळ्यांना वाचून दाखवतात. तू माहेरी येऊन राहिलीयस, नीलेश दर रविवारी आईंना भेटायला येतोच. तोच माझं टपाल आणील. उघडून वाचेल अशी भीती नाही. त्याला वाचायची सवय नाही, बायकोच्या चेहऱ्यावरचंसुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. मी काय कापलं हे तू मला विचारतेस? अगं, पाहिलं होतंस ते तू. नोव्हेंबरात सान्वी झाली, नर्सने तिला दाखवलं, वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. आई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांचं पहिलं वाक्य बाळाबद्दल नव्हतंच. “ग्रहणात काय केलंस?” मी म्हटलं, काही नाही. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांची होतीस तू. म्हणालीस, “मी पाहिलं. वहिनीच्या हातात सुरी होती.” तुझा दादा तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर पार्किंग होतं.

ते ग्रहण दोन हजार नऊच्या बावीस जुलैचं. ती सकाळ तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. मला पाचवा महिना. आदल्या संध्याकाळपासून वेध, घशाखाली पाणी नाही. पोटुशीला सूट असते म्हणे, मला नव्हती. मागच्या खोलीत पडदे ओढून मला पाटावर बसवलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, मांडी घालायची नाही, झोपायचं तर मुळीच नाही. आणि माझ्यावर लक्ष ठेवायला तुला बसवलं. बाहेर पावसाळी ढग असे की सूर्य उगवला की नाही तेही कळेना. थोडा वेळ अंधारून आलं, कावळे गप्प झाले, बस्स. आपल्या भाईंदरात कुणाला न दिसलेलं ग्रहण मी पाळत होते, आणि तू कॉटला डोकं टेकून घोरत होतीस. आईंनी आंघोळीला हाक मारली तेव्हा मीच तुला हलवून उठवलं, तुला ओरडा बसू नये म्हणून.

आता तू मला सांग. सुरी दिसली होती, तर त्या सुरीने काय चिरलं तेही दिसलंच असेल. ते मला विचारावं लागतंय याचा अर्थ काय, तो मला तुझ्या तोंडून ऐकायचाय. तोपर्यंत माझ्याकडून उत्तर मिळणार नाही. बस काळजी करत. मीही केली होती.

मिनल


हाटकेश
९ सप्टेंबर २०२५

स्वप्नाली,

काल सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी गॅसवरच्या दुधाकडे बघत उभी होते. दूध उतू गेलं.

“वहिनी, मला झोप लागली,” एवढंच तू तीन-चारदा बोललीस. मग हळूहळू कळलं. आईंनी तुला खुर्चीत बसवून सगळे नियम सांगितले आणि स्वतः बीपीची गोळी घेऊन झोपून गेल्या. पराग तिकडे कल्याणला, तुझ्या सासरी. तुझा डोळा लागला तो दूधवाल्याच्या बेलपर्यंत. चंद्र काळवंडला, तांबडा झाला, पुन्हा पांढरा झाला, आणि तुला पत्ताच नाही.

खरं सांगू? पहिल्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, आता कळेल. मग तुझं रडणं ऐकलं. तसं रडणं मी या कानांनी ऐकलंय, माझंच. म्हणून जे माहीत होतं ते पटकन सांगून टाकलं. बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्याच्या आसपास जुळतो, त्यामागोमाग टाळू. तुझं जे जुळायचं होतं ते झोपायच्या आधीच जुळून झालंय. आणि माझं जे जुळायचं राहिलं तेही त्या बावीस जुलैच्या कितीतरी आधी राहिलं होतं. हे सान्वीच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. आई तिथेच होत्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, “डॉक्टर लोक असंच बोलतात.”

त्याच वॉर्डात लूर्डस नावाची उत्तनची सिस्टर होती. मी रडत बसले की माझ्याजवळ यायची. मी तिला ग्रहणाचं सांगितलं तर म्हणाली, “आमच्यात गराण कोन पालतो बाय? तरी माज्या भावाच्या पोराला असाच ओठ हाय. आमी कोनाला न्हाय इचारला, काय कापलास म्हनून.” त्या वेळी मला त्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं.

फोनवर तू मध्येच विचारलंस की हे ग्रहण दर पौर्णिमेला का नाही येत, नेमकं माझ्याच वेळी का आलं. ते सान्वी मला माझ्याच बांगड्यांनी समजावते. एका बांगडीत दुसरी घालायची, जराशी तिरकी. एक सूर्याची वाट, एक चंद्राची. दोन्ही वाटा दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. पंचांगातले राहू आणि केतू म्हणजे तीच दोन ठिकाणं. तिथे ना डोकं आहे ना धड, नुसती जागा. चंद्र दर महिन्याला त्या जागांवरून जातो, पण सूर्य तिथे नसतो, म्हणून बहुतेक पौर्णिमा-अमावास्या कोरड्या जातात. चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. सूर्य त्या जागांजवळ येतो साधारण सहा महिन्यांनी एकदा, खरं तर त्याहून थोडं आधीच, कारण त्या जागाही हळूहळू मागे सरकत असतात. तो आला की ग्रहणांचा हंगाम. त्या महिनाभरात एक तरी चंद्राचं आणि एक तरी सूर्याचं ग्रहण जगात कुठे ना कुठे लागतंच.

आता हिशेब तूच कर. हंगाम सहा महिन्यांच्या आत येतो आणि बाई नऊ महिने पोटुशी असते. म्हणजे पूर्ण दिवसांचं असं एकही मूल जन्माला आलेलं नाही, जे पोटात असताना ग्रहण लागलं नाही. सान्वीने हे गेल्या वर्षी शोधून काढलं आणि आईंना फोनवर सांगितलं. आई म्हणाल्या, आपल्याकडे दिसत नाही ते धरायचं नाही. सान्वीने विचारलं, बाबा पोटात होता तेव्हा ऐंशी सालचं मोठं सूर्यग्रहण आपल्याकडे दिसलं होतं, मग? आई म्हणाल्या, “तेव्हा मी पाटावरून हलले नव्हते.” या उत्तरापुढे चंद्रसूर्यही हात टेकतील.

तर फोनच्या शेवटी तू जे अर्धं वाक्य बोललीस, ते मी इथे पूर्ण लिहिते. ‘वहिनी, तेव्हाही मी झोपलेच होते, मी काही पाहिलं नव्हतं.’ सोळा वर्षं लागली. बरं, लागली तर लागली. मला माफीबिफी नको. मला एकच गोष्ट हवीय. हे वाक्य तू सान्वीला सांगायचंस, तिच्या समोर बसून.

का, तेही सांगते. एकोणीस सालच्या डिसेंबरात सूर्यग्रहण होतं. आईंनी दहा वर्षांच्या सान्वीला मांडीवर घेऊन सांगितलं की तुझ्या आईने ग्रहणात सुरी धरली म्हणून तुझा ओठ असा झाला, आत्याने डोळ्यांनी पाहिलंय. त्या संध्याकाळी सान्वीने मला विचारलं आणि मी नाही म्हटलं. “मग आत्या खोटं बोलते?” मी म्हटलं, हो. ती माझ्याकडे जशी बघत राहिली ना, त्यानंतर मी त्या घरात राहू शकले नाही. आठवड्यात आम्ही हाटकेशला आलो. नीलेशही आला, सामान उचलायला कुणीतरी हवं होतं म्हणून असेल.

ग्रहणाने काही होत नाही हे त्या पोरीला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. तिचा प्रश्न ग्रहणाचा नाहीच. घरातलं कोण खोटं बोललं, हा तिचा प्रश्न आहे. दर ग्रहणाला ती तो मला विचारते. मी दर वेळी तेच उत्तर देते आणि दर वेळी ती मान डोलावते, तोंडी परीक्षेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला बाई मान डोलावतात तशी.

तू म्हणालीस, बाळ सुखरूप हातात येऊ दे, मग सगळ्यांसमोर सांगते, बाळाची शपथ. शपथ मी तुला पुरी करू दिली नाही. त्या जिवाला यात ओढू नकोस. नुसतं सांग.

तू झोपलीस हे मी कुणाला बोलणार नाही.

मिनल


हाटकेश
२४ ऑक्टोबर २०२५

स्वप्नाली,

काल भाऊबीजेला तू दादाबरोबर सान्वीसाठी ड्रेस पाठवलास. छान आहे. तिने घालून बघितला आणि आरशासमोर नेहमीसारखी एका बाजूने उभी राहिली, डाव्या. उजवी बाजू टाक्यांची.

एक गोष्ट मी तीन वर्षं जपून ठेवली होती. एक दिवस आईंच्या तोंडावर मारायची म्हणून ठेवली होती, खोटं कशाला बोलू. आज ती तुला देतेय.

तुमचे गोरेगावचे मामा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी एकदा डबा घेऊन गेले होते. नाकात नळी घालायची म्हणून त्यांची मिशी काढली होती. मामांना मिशीशिवाय तू कधी पाहिलंयस? मीही नव्हतं. मिशीखाली, नाकापासून ओठापर्यंत, सान्वीचीच रेघ होती. मी बघत राहिले तर तेच म्हणाले, “जन्मापासूनचा आहे गं. गावच्या डॉक्टरने शिवला. ताईला विचार ना, तीच मला चमच्याने दूध पाजायची.”

ताई म्हणजे तुझी आई.

सान्वी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा ओठ आहे का? आई म्हणाल्या, आमच्याकडे नाही कुणाला. ज्या बाईने स्वतःच्या भावाला चमच्याने दूध पाजलं, ती माझ्या बाळाला चमच्याने दूध पाजताना मला विचारत होती की तू काय कापलंस. मी घरी येऊन नीलेशला सांगितलं. तो म्हणाला, आता कशाला उकरायचं. महिन्याभरात मामा गेले, मग खरंच कुणी उकरलं नाही.

हे घराण्यातून येऊ शकतं, स्वप्नाली. येईलच असं नाही, पण येऊ शकतं. पुढच्या महिन्यात तुझी मोठी सोनोग्राफी आहे. डॉक्टरला मामांचं आणि सान्वीचं दोन्ही सांग, म्हणजे ते नीट बघतील. आईंना बाहेर बसव. आणि काही निघालंच तर घाबरू नकोस. कुठे जायचं, कुठला डॉक्टर, दूध कसं पाजायचं, सगळं मला तोंडपाठ आहे. मला फोन कर, मी येते.

तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस. राग आहे तिथेच आहे. पण तू त्या खोलीतून बाहेर यावीस आणि कुणीतरी विचारावं, ‘काय केलंस?’, हे मला माझ्या शत्रूसाठीही नको.

मिनल


हाटकेश
१६ नोव्हेंबर २०२५

स्वप्नाली,

सगळं नीट निघालं हे वाचून मी खुर्चीत बसले. ओठ नीट, टाळू नीट, बोटं नीट. तू डॉक्टरला मामांचं सांगितलंस, हेही बरं केलंस. मला आनंद झाला. खराखुरा झाला, मी स्वतःला दोनदा विचारून पाहिलं.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी नीलेश तुमच्याकडून आला आणि जेवता जेवता म्हणाला, “आई खूश आहे. म्हणत होती, पाळलं की असं होतं.” त्याने भाताला आमटी मागितली. मी वाढली.

बघ, कशी गंमत आहे. तुझं मूल फाटक्या ओठाचं निघालं असतं तर तुझ्यावर खापर फुटलं असतं. धड निघालं, तर माझ्यावर फुटतंय. तू झोपलीस, आणि त्या झोपेचं पुण्य तुझ्या पाळण्याच्या नावावर जमा झालं. मी जागी बसले होते, घसा कोरडा करून, पाठीला कळा लागेपर्यंत, आणि माझ्या जागेपणाची सुरी झाली. दोघींत नियम मोडला कुणी आणि नाव कुणाचं गेलं, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तू लिहिलंयस, अजून बाळ हातात नाही, अजून धीर होत नाही. समजते मी. थांबते. सोळा वर्षं थांबले, अजून चार-पाच महिने काय.

मिनल


हाटकेश
४ मार्च २०२६

स्वप्नाली,

काल धुळवड आणि ग्रहण एकाच दिवशी. सोसायटीतल्या पोरांनी सकाळी रंग खेळून घेतला आणि दुपारनंतर सगळ्या आया पोरांना ओढून घरात घेऊन गेल्या. आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण सुटतच आलं होतं. सान्वी गच्चीवर गेली होती, मीही गेले. इमारतींच्या मागून चंद्र वर आला तेव्हा तो चांगला गोल होता. तुला मात्र आईंनी दुपारपासून बसवून ठेवलं होतं, नवव्या महिन्यात, हे नीलेशने सांगितलं. या वेळी जागी होतीस का, ते मी विचारत नाही.

गच्चीवर सान्वीने मला एक नवीन गोष्ट सांगितली. म्हणाली, ग्रहणांचीही घराणी असतात. चंद्राचे महिने वेगवेगळ्या तऱ्हेने मोजता येतात. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचा एक, त्या छेदाच्या जागेपासून परत त्याच जागेपर्यंतचा एक, पृथ्वीच्या सर्वात जवळ येऊन पुन्हा जवळ येईपर्यंतचा एक. तिन्हींची लांबी वेगळी, पण अठरा वर्षं आणि अकरा दिवसांनी तिन्ही जवळजवळ एकत्र येतात, आणि तेच ग्रहण पुन्हा लागतं. जागा तेवढी बदलते, कारण वरती आठेक तास उरतात आणि तेवढ्यात पृथ्वी फिरलेली असते. दोन हजार नऊच्या त्या बावीस जुलैचं ग्रहण पुढच्या वर्षी दोन ऑगस्टला परत येतंय. तेव्हा सकाळी होतं, आता आपल्याकडे दुपारनंतर आहे, आणि सूर्याचा थोडासाच तुकडा झाकला जाईल. मला अंगावर काटा आला. तिला नाही आला. ती म्हणाली, “माझंच ग्रहण आहे ते, मी बघणार.”

मग तिने विचारलं, दर वेळी विचारते तेच. मी नेहमीचं उत्तर दिलं नाही. या वेळी म्हटलं, बारशाला आपण जाऊ, आत्याला विचार, ती सांगेल. सान्वी माझ्याकडे वळून बघत राहिली. म्हणाली, “तू मला आत्याला विचारायला सांगतेयस?” तिच्या आवाजात पहिल्यांदाच असं काहीतरी होतं, की वाटलं, ती माझ्या बाजूला यायला एक पाऊल उचलून उभी आहे.

एवढं मी तुझ्या जिवावर बोलून बसलेय. सुखरूप बाळंत हो. बाकी काही नको.

मिनल


हाटकेश
५ एप्रिल २०२६

स्वप्नाली,

हे पत्र नीलेशबरोबर पाठवत नाही. कुरिअरने पाठवतेय. यापुढे काही पाठवणार नाही.

मुलगा गोड आहे. काल पाळण्यात वाकून बघितलं तेव्हा तो जांभई देत होता. वरचा ओठ किती सुंदर असतो गं माणसाचा, मधली ती लहानशी पन्हळ. मी सान्वी तान्ही असताना बाकीच्या बाळांच्या ओठांकडे बघायचं टाळत असे. काल बघितलं. पोटभर बघितलं.

सहा वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं. आईंनी मला हळदकुंकू लावलं, सान्वीला जवळ घेतलं. मला वाटलं, होईल. मग नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि आईंनी बाळाला उचलून बायकांसमोर धरलं. “बघा, पाळलं की असं होतं. एक ओरखडा नाही पोराच्या अंगावर.” आणि बोलता बोलता त्यांची नजर सान्वीवरून माझ्यावर आली. खोलीतल्या सगळ्या बायकांची नजर त्याच वाटेने आली. पाटावर बसून मी जसं अंग चोरत होते, तसं पुन्हा चोरलं.

सान्वी उठली. मी तिला इशारा केला नव्हता, मी विसरलेच होते की मीच तिला सांगून आणलंय. तुझ्या कॉटजवळ गेली, साधेपणाने म्हणाली, “आत्या, मी पोटात असतानाच्या ग्रहणाला तू आईजवळ होतीस ना? तू जागी होतीस?”

तू बाळाला आईंच्या हातातून घेतलंस. छातीशी धरलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

“जागी होते,” तू म्हणालीस. “पाहिलं मी.”

मी समजू शकते असं मला वाटतं. तेव्हा झोपले होते असं म्हटलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, मग सप्टेंबरात? मग आईंनी तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि उद्यापासून तुझ्या पोराला नुसता खोकला झाला तरी सप्टेंबर निघाला असता. वीस वर्षांची होतीस तेव्हा ओरड्याला घाबरून बोललीस. आता पोरासाठी बोललीस. पहिल्याचा राग मला सोसला. हे दुसरं मात्र मी समजू शकते, आणि त्यामुळे ते जास्त झोंबतंय.

माझ्या जिभेवर होतं. तिथल्या तिथे सांगू शकले असते, की ही बाई दोन्ही ग्रहणांत घोरत होती, आणि दोन्ही बाळांचं जे व्हायचं ते तिच्या झोपेने झालं नाही. पराग बाजूला उभा होता, त्याची आई कल्याणहून आली होती. एका वाक्यात तुझी सोळा वर्षं सुरू झाली असती. मी बाळाकडे बघितलं. त्याने काय केलंय? मी घुगऱ्यांचा द्रोण खाली ठेवला आणि पाणी प्यायले. तुझा दादा खाली गाडी नीट लागलीय का बघायला गेला होता.

म्हणजे काल मी तुला वाचवलं. हे तुला कळलंय, तुझ्या खांद्यांवरून दिसत होतं, ते खाली आले. आणि माझं गप्प बसणं सान्वीने बघितलं. तिला दुसरं काय वाटणार होतं? आत्या सांगते, पाहिलं. आई ऐकते आणि पाणी पिते.

परतताना ती गाडीत पुढे, तिच्या बाबाशेजारी बसली. घरी आल्यावर कपडे बदलून स्वयंपाकघरात आली, माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. सोळा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच झालीय. माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत तिने असा हात ठेवला नव्हता.

म्हणाली, “आई, तू कापलंस म्हणून काही झालं नाही. मला माहितीय ते, गणित करून माहितीय. मी कधीच रागावले नव्हते त्याच्यावरून. तू कापलं नाहीस असं का सांगत राहिलीस, तेवढंच मला लागायचं.”

मी पोळीचं पीठ मळत होते. मळत राहिले.

“जाऊ दे. मी माफ केलंय तुला,” ती म्हणाली. “फक्त आता तरी खोटं बोलू नकोस.”

मी तिच्याकडे बघून म्हटलं, “बरं.”

मिनल